इस्तंबूलमधला पहिला दिवस: काय बघायचं, कुठल्या क्रमाने आणि काय दुसऱ्या दिवसावर ढकलायचं

इस्तंबूलला निघालेले ओळखीचे लोक प्लॅन पाठवतात तेव्हा त्यात पहिल्याच दिवशी आया सोफिया, ब्लू मॉस्क, तोपकापी राजवाडा, ग्रँड बझार, गलाता टॉवर आणि वर बॉस्फरस क्रूझ असं सगळं कोंबलेलं असतं. कागदावर जमतं ते, कारण मॅपवर सगळं जवळजवळच दिसतं, पण प्रत्यक्षात रांगा असतात, चढ-उतार असतात, नमाजाच्या वेळी मशिदी बंद होतात आणि आदल्या रात्रीची फ्लाइटची झोप बाकी असते ती वेगळीच. माझं म्हणणं असं की पहिला दिवस फक्त जुन्या शहरातल्या सुलतानअहमेतच्या चौकाला द्या आणि संध्याकाळ पाण्याला. बाकी शहर दोन दिवसांनी कुठे पळून जात नाही. आणि हा चौकच असा आहे की तो नीट बघितला तर पुढचं सगळं शहर कळायला लागतं.

निघायच्या आधी

व्हिसाचं आधी बघा. भारतीय पासपोर्टवर अमेरिका, यूके, आयर्लंड किंवा शेंगेनचा चालू व्हिसा नाहीतर रेसिडेन्स परमिट असेल तर साधारणपणे ई-व्हिसा ऑनलाइन मिळतो, नसेल तर रीतसर स्टिकर व्हिसा काढावा लागतो आणि त्याला वेळ लागतो. नियम बदलत असतात म्हणून तिकीट बुक करायच्या आधी तुर्कस्तानच्या सरकारी साइटवरच बघा. सर्च केल्यावर वरती येणाऱ्या एजंट साइट्स हुबेहूब सरकारी दिसतात आणि वर जादा पैसे घेतात.

पैसे डॉलर किंवा युरोमध्ये न्या, रुपये तिथे कोणी बदलून देत नाही. एअरपोर्टवर अगदी थोडेच बदला, बाकी सिर्केजी किंवा ग्रँड बझारच्या आसपास 'दोविझ' अशी पाटी असलेली दुकानं असतात तिथे बदला. कार्ड जवळपास सगळीकडे चालतं, फक्त मशीनने लिरात घेऊ की रुपयात असं विचारलं तर नेहमी लिरा निवडा, रुपयात घेतलं की रेट वाईट लागतो. लिरातल्या किमती सतत वाढत असतात त्यामुळे जुन्या व्हिडिओत सांगितलेल्या किमती धरून बजेट करू नका, हिशोब युरोत करा.

बॅगेत एक मोठा स्कार्फ, स्वच्छ मोजे (मशिदीत बूट काढावे लागतात आणि गालिच्यावर अनवाणी जाण्यापेक्षा मोजे बरे) आणि पकड असलेले बूट हवेतच. जुन्या शहरात दगडी फरसबंदी आहे, पाऊस पडला की घसरते. आणि आपल्या लोकांच्या मनातला एक प्रश्न, जो कोणी लिहीत नाही: तिथल्या कमोडमध्ये पाण्याची नळी आतच बसवलेली असते, शेजारी छोटा कॉक असतो तो फिरवायचा. युरोपसारखी त्या बाबतीत अडचण होत नाही.

राहायचं कुठे आणि एअरपोर्टवरून यायचं कसं

पहिल्यांदा जाताय तर सिर्केजी किंवा ग्युल्हानेच्या आसपास राहा. सुलतानअहमेत चौक तिथून दहा-पंधरा मिनिटं चालत, फेरी बोटींचा धक्का तेवढ्याच अंतरावर, आणि टी-वन ट्रॅम दारात. ऐन चौकात हॉटेलं महाग आणि जेवण सुमार, तर तक्सिमकडे राहिलात की रोज सकाळी जुन्या शहरात यायला अर्धा-पाऊण तास मोडतो.

नवीन एअरपोर्ट शहरापासून बराच लांब आहे, चाळीस किलोमीटरच्या वर धरा. एम-११ मेट्रोने गायरेत्तेपे, तिथून एम-२ ने व्हेझनेजिलेर, मग पाच मिनिटं चालून लालेलीचा ट्रॅम स्टॉप आणि टी-वनने खाली सिर्केजी. स्वस्त आहे आणि ट्रॅफिक लागत नाही, पण मोठ्या बॅगा आणि म्हातारी माणसं असतील तर हावाइस्तची बस नाहीतर टॅक्सी बरी. मेट्रो रात्रभर नसते, हेही लक्षात ठेवा. टॅक्सीत बसताना मीटर चालू आहे ना ते बघा आणि फोनवर मॅप उघडा ठेवा, ड्रायव्हरला दिसेल असा. एअरपोर्टवरच मशीनमधून इस्तंबूलकार्ट घ्या, ट्रॅम, मेट्रो, बस, फेरी सगळीकडे तेच चालतं.

आता वेळेचं गणित. तिथली वेळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे, म्हणजे तिथे सकाळचे सहा वाजतात तेव्हा आपल्या शरीराचे साडेआठ झालेले असतात. त्यामुळे पहिल्या सकाळी लवकर जाग येतेच, तिचा पुरेपूर फायदा घ्या. संध्याकाळी मात्र आठ वाजताच डोळे मिटायला लागतात, म्हणून रात्रीचा काही मोठा कार्यक्रम ठेवू नका.

सकाळी आठला: हिप्पोड्रोम, रिकामा असताना

एक सिमित (तीळ लावलेली गोल पावाची कडी, गाडीवर मिळते) आणि चहा घेऊन सरळ चौकात या. डिसेंबर-जानेवारीत सूर्योदयच साडेआठच्या सुमाराला होतो, तेव्हा थोडं उशिरा निघालात तरी चालेल, उन्हाळ्यात सातलाच या.

बहुतेक टुरिस्ट या चौकातून फोटो काढत दहा मिनिटांत पुढे जातात, कारण बघायला वरवर काही दिसत नाही, एक लांबट बाग आणि तीन खांब. पण हेच ते रोमन रथांच्या शर्यतीचं मैदान, आणि आजच्या दिवसात जे काही बघणार आहात त्यातल्या मोठ्या भागाची गोष्ट इथे सुरू होते. इ.स. ५३२ च्या जानेवारीत शर्यतीतले दोन गट, निळे आणि हिरवे, एरवी एकमेकांच्या जिवावर उठलेले, ते सम्राट जस्टिनियनविरुद्ध एकत्र आले आणि शहर पेटलं. जुनं आया सोफिया चर्च त्यात जळालं. सम्राट पळून जायच्या तयारीत होता पण राणी थिओडोरा हटली नाही, आणि शेवटी सैन्याने याच मैदानात लोकांना कोंडून मारलं, त्या काळचा इतिहासकार प्रोकोपियस तीस हजारांहून जास्त मेले असं लिहितो. त्यानंतर जस्टिनियनने शहर नव्याने बांधायला काढलं. आया सोफिया आणि जमिनीखालचं पाण्याचं मोठं टाकं दोन्ही त्यातूनच उभं राहिलं. म्हणून क्रम हा ठेवा: आधी मैदान, मग चर्च, मग टाकं.

खांबांपाशी घाई करू नका. पहिला इजिप्शियन ओबेलिस्क, थुटमोस तिसरा या फॅरोने कर्नाकच्या देवळासाठी केलेला, म्हणजे चौतीसशे वर्षांच्या आसपास जुना, तरी त्यावरची चित्रलिपी इतकी टवटवीत आहे की नवीन वाटते. सम्राट थिओडोसियसने तो ३९० साली इथे उभा केला. मूळ दगड बराच उंच होता, इथे दिसतोय तो फक्त वरचा भाग. आता खाली वाका. दगड चौथऱ्यावर टेकलेला नाहीये, कोपऱ्यांत चार काशाचे ठोकळे आहेत त्यांच्यावर अख्खा भार आहे. चौथऱ्याच्या संगमरवरावर सम्राट आपल्या कुटुंबासकट शर्यत बघत बसलेला कोरलाय, आणि खालच्या पट्टीत हाच ओबेलिस्क दोर लावून उभा करतायत ते दृश्य आहे. दोन बाजूंना शिलालेख आहेत, एक लॅटिन आणि एक ग्रीक, दोन्ही सांगतात की हा दगड किती दिवसांत उभा राहिला. लॅटिनमध्ये तीस दिवस आणि ग्रीकमध्ये बत्तीस. ज्या अधिकाऱ्याने हे काम केलं त्या प्रोक्लसचं नाव नंतर तो मर्जीतून उतरल्यावर खोडलं आणि पुढे परत कोरलं, नीट बघितलं तर त्या जागी दगड थोडा खोल गेलेला दिसतो. पंधरा मिनिटं इथे उभं राहणं सार्थकी लागतं.

दुसरा सर्पस्तंभ, तीन साप एकमेकांना वेटोळे घालून. ग्रीकांनी प्लॅटियाच्या लढाईत इराण्यांना हरवलं, इ.स.पूर्व ४७९, त्याची आठवण म्हणून तो डेल्फीच्या देवळात उभा केला होता आणि तिथून तो इथे आणला. डोकी गेली, त्यातल्या एकाचा तुकडा पुरातत्त्व संग्रहालयात आहे. हा खांब खड्ड्यात उभा आहे असं वाटतं पण तो खड्डा नाही, ती मैदानाची जुनी पातळी आहे, बाकी शहर तेवढं वर चढलंय. तिसऱ्या दगडी खांबावर पूर्वी सोनेरी मुलामा दिलेले काशाचे पत्रे होते ते १२०४ मध्ये चौथ्या क्रुसेडच्या, म्हणजे युरोपी ख्रिश्चनांच्या धर्मयुद्धाच्या, सैनिकांनी काढून वितळवले. हे साल डोक्यात ठेवा, थोड्या वेळाने लागणार आहे.

नऊला: आया सोफिया

नऊच्या आधीच रांगेत उभे राहा. मूळचं चर्च, पुढे मशीद, मग म्युझियम आणि २०२० पासून ही परत मशीद आहे, आणि जानेवारी २०२४ पासून परदेशी टुरिस्टना वेगळं दार आणि तिकीट, २५ युरो, त्यात फक्त वरची गॅलरी बघता येते, खालचा भाग नमाजासाठी. पैसे जास्त वाटतात हे खरं, पण इथे आलात आणि आत गेला नाहीत असं करू नका. म्युझियम पास घेतला असेल तरी इथे आणि टाक्याला चालत नाही, वेगळंच तिकीट काढावं लागतं. बायकांना डोकं झाकावं लागतं, पुरुषांनी हाफ पँट टाळावी.

आत गेल्यावर आधी कठड्याशी उभे राहा आणि काहीही न वाचता पाच मिनिटं नुसता घुमट बघा. साधारण ३१ मीटर रुंद, जमिनीपासून ५५ मीटरच्या आसपास उंच, आणि खाली चाळीस खिडक्यांची माळ, त्यामुळे ऊन आत आलं की घुमट अधांतरी आहे असं वाटतं. काम सुरू झालं ५३२ च्या फेब्रुवारीत, दंगलीनंतर महिन्याभरात, आणि ५३७ च्या डिसेंबरला पूर्ण, म्हणजे सहा वर्षं सुद्धा नाही. ज्या दोघांनी हे केलं, अँथेमियस आणि इसिडोर, ते गणित-भूमिती जाणणारे लोक होते. अडचण अशी होती की खाली चौकोन आणि वर गोल, मग चार मोठ्या कमानींच्या मधल्या कोपऱ्यांत त्यांनी आत वळणारे त्रिकोण भरले आणि त्यावर घुमट टेकवला. विजापूरचा गोलघुमट बघितला असेल तर मजा येते, कारण तिथेही हाच प्रश्न होता आणि तो एकमेकांना छेदणाऱ्या कमानी घालून सोडवला. गोलघुमटाचा व्यास याच्याहून मोठा आहे, पण तो सतराव्या शतकातला, हा सहाव्या शतकातला, मध्ये अकराशे वर्षं आहेत. आणि पहिला घुमट टिकलाही नाही, भूकंपांनंतर ५५८ मध्ये कोसळला, मग अजून उंच करून ५६२ ला परत बांधला. सध्या घुमटाच्या डागडुजीमुळे आत मचाण दिसलं तर नाराज होऊ नका, दीड हजार वर्षांच्या इमारतीला ती लागतेच.

गॅलरीत दीसिस नावाचं मोझेक आहे, येशू, एका बाजूला मेरी, दुसऱ्या बाजूला बाप्तिस्मा देणारा जॉन. खालचा बराच भाग गेलाय पण चेहरे शाबूत आहेत. बाजूला सरकत बघा, खिडकीचा उजेड आणि चेहऱ्यावरची सावली यांचं नातं कलाकाराने धरलंय. त्याच्या समोरच जमिनीवर एका दगडावर एनरिको दांदोलोचं नाव दिसेल. हा व्हेनिसचा मुख्य, १२०४ मध्ये शहर लुटणाऱ्यांचा पुढारी, आणि तो इथेच पुरला गेला. मघाच्या मैदानातले चार काशाचे घोडे त्याच लुटीत व्हेनिसला गेले. संगमरवरी कठड्यावर कोण्या वायकिंग सैनिकाने रुनी लिपीत आपलं नाव खरवडून ठेवलंय, त्यातलं हाल्फदान एवढं वाचता येतं. शोधा म्हणजे सापडेल.

साडेअकराच्या आत: ब्लू मॉस्क

समोरच आहे, फुकट आहे, फक्त वेळ सांभाळा. दुपारची नमाज तिथे वर्षभर एकच्या आसपास असते आणि त्याच्या बऱ्याच आधी टुरिस्टना आत सोडणं थांबवतात. शुक्रवार असेल तर सकाळी टुरिस्टना प्रवेश नसतो, आया सोफियाही जुम्म्याच्या वेळी बंद, तेव्हा शुक्रवारी पोचलात तर टाकं सकाळी आणि दोन्ही मशिदी दुपारी अडीचनंतर अशी अदलाबदल करा. मशीद १६०९ ते १६१६ मधली, सहा मिनार, आत इझनिक गावच्या वीस हजारांवर टाइल्स. खरं सांगायचं तर सगळ्यात चांगल्या टाइल्स वरच्या सज्जाच्या भिंतींवर आहेत, खालून नीट दिसत नाहीत. मला स्वतःला आतपेक्षा अंगण जास्त आवडतं, कोपऱ्यात उभं राहून छोटे घुमट, मग मोठे, मग सगळ्यात मोठा असं एकावर एक चढत जाताना दिसतं. अर्धा तास पुरतो.

दुपारी: जमिनीखाली

बाहेर ऊन तापलेलं, मशिदी बंद, मग बॅसिलिका सिस्टर्न म्हणजे मघाशी सांगितलेल्या टाक्यासारखी जागा नाही. आत थंडगार. ३३६ खांब, १२ रांगा, प्रत्येक रांगेत २८, प्रत्येक खांब नऊ मीटर उंच. खांब नीट बघा, सगळे सारखे नाहीत, कारण जुन्या इमारतींचे उचलून आणून लावलेत. टोकाला मेड्युसाची (ग्रीक पुराणातली, केसांऐवजी साप असलेली बाई) दोन मुंडकी खांबाखाली टेकू म्हणून वापरलीत, एक आडवं आणि एक उलटं. लोक यामागे गूढ शोधतात पण उंची जुळवायला जसं बसलं तसं लावलं असणार हेच मला पटतं, अंधारात पाण्याखाली राहणारा दगड कोण बघणार होतं तेव्हा. तिकीट आधी ऑनलाइन काढलं तर रांग वाचते.

जेवण आणि तीन गोष्टींपासून लांब राहणं

चौकाच्या भोवती मेनू हातात घेऊन हाका मारणाऱ्या हॉटेलांत जाऊ नका. उतारावरून सिर्केजीकडे या आणि 'लोकांता' शोधा, जिथे काउंटरवर ट्रेमध्ये शिजवलेले पदार्थ मांडलेले असतात आणि बोट दाखवून घ्यायचं असतं. शाकाहारी लोकांसाठी मेर्जिमेक चोर्बा म्हणजे मसुराचं सूप, लिंबू पिळून, हे रोजचं जेवण होऊ शकतं, फक्त काही ठिकाणी मटणाच्या पाण्यात करतात म्हणून 'एत सुयू वार मी?' असं विचारा, म्हणजे मटणाचं पाणी आहे का. 'एतसिझ' म्हणजे बिनमांसाचं. ऑलिव्ह तेलातल्या थंड भाज्या, चीज किंवा पालक भरलेलं गोझलेमे (पातळ पोळीसारखं), चीजची पिदे (लांबट पावासारखी), आणि अंडं खात असाल तर टोमॅटोत शिजवलेलं मेनेमेन. कुरू फासुल्ये म्हणजे राजम्यासारखी पांढरी उसळ, ती मात्र विचारूनच घ्या, बऱ्याचदा मांस असतं. भातही कधी चिकनच्या पाण्यातला असतो. आयरान कुठेही मिळतं, खारं ताकच ते.

फसवणुकीचे ठरलेले प्रकार आहेत. बूट पॉलिशवाल्याचा ब्रश पडतो, तुम्ही उचलून देता, तो आभार म्हणून पॉलिश करतो आणि मग पैसे मागतो, तर ब्रश पडला की हाक मारून सांगा आणि पुढे चला. अस्खलित इंग्रजी बोलणारा कोणी चौकात गप्पा मारत चहाला बोलावतो, तो चहा गालिच्याच्या दुकानात निघतो. आणि तक्सिमकडे संध्याकाळी अनोळखी माणसाबरोबर कुठल्याही बारमध्ये जाऊ नका, बिल भयंकर येतं. बाकी लोक मनाने फार चांगले आहेत, पत्ता विचारलात तर सोडायला येतात.

चारनंतर: एमिनोन्यू आणि बोट

जेवून ग्युल्हाने पार्कात तासभर बसा. पूर्वी ही तोपकापी राजवाड्याची बाहेरची बाग होती, आता सगळ्यांसाठी मोकळी आहे. मग खाली एमिनोन्यूला मसाल्यांचा बाजार, सतराव्या शतकातला, शेजारच्या येनी जामी मशिदीचा भाग म्हणून बांधलेला. आत फिरा, पण खरेदी पहिल्या दिवशी नको, नुसते भाव ऐकून ठेवा. बाहेरच्या गल्लीत तोच माल बऱ्याचदा स्वस्त असतो. ढीग घालून स्वस्तात विकतात ते केशर बहुतेक वेळा करडईची फुलं असतात, आपल्या सोलापूरकडच्या माणसाला तर बघताक्षणी कळेल.

सूर्यास्ताच्या साधारण सव्वा-दीड तास आधी धक्क्यावर या (डिसेंबरात सूर्यास्त साडेपाचच्या पुढे, जूनमध्ये पावणेनऊच्या आसपास). महागडी क्रूझ विकणारे मागे लागतील, त्यांच्याकडे लक्ष न देता काडीकॉयची साधी फेरी घ्या, इस्तंबूलकार्ट टॅप करून. वीस-पंचवीस मिनिटांचा प्रवास, युरोपातून आशियात. जाताना उजव्या हाताला बाहेरच्या बाकावर बसा, बोट वळसा घेते आणि सकाळी जिथे फिरलात ते सगळं, तोपकापी, आया सोफिया, ब्लू मॉस्क, एका ओळीत समोरून जातं. चहावाला ट्रे घेऊन फिरतो, छोट्या कमरेच्या ग्लासात कोरा चहा, दूध मागू नका.

काडीकॉय म्हणजे जुनं खाल्सेडन. दंतकथा अशी की बायझासला देवाने सांगितलं, आंधळ्यांच्या गावासमोर वस्ती कर. समोरचा एवढा सुंदर आणि सुरक्षित किनारा सोडून जे अलीकडे राहिले ते आंधळेच, असं म्हणून त्याने पलीकडे शहर वसवलं. बोटीतून दोन्ही किनारे दिसत असताना ही गोष्ट एकदम पटते. काडीकॉयच्या बाजारात एक चक्कर मारा, लोणच्यांच्या दुकानात तुर्शू सुयू म्हणजे लोणच्याचं आंबट-खारट पाणी ग्लासभर मिळतं ते पिऊन बघा, आणि सूर्य मावळताना परतीच्या बोटीत बसा, या वेळी डाव्या बाजूला. तेव्हा जुनं शहर उजेडाच्या विरुद्ध दिसतं आणि फोटो तेव्हाचेच चांगले येतात. बोट चुकली तर घाबरू नका, मार्मारायची ट्रेन समुद्राखालून थेट सिर्केजीला येते, काडीकॉयच्या जवळचं स्टेशन आयरिलिक चेश्मेसी.

झोपायच्या आधी उद्याचं ठरवा

तोपकापी मंगळवारी बंद असतो आणि ग्रँड बझार रविवारी, त्यावर सगळं अवलंबून. तोपकापीला अर्धा दिवस लागतो म्हणूनच तो आज ठेवला नाही. तिथल्या संग्रहात पाचूंचा प्रसिद्ध खंजीर आहे, सुलतान महमूदने नादिरशहासाठी केलेला, तो पोचायच्या आत नादिरशहाचा खून झाला आणि खंजीर परत आला. नादिरशहाने उलट बाजूने पाठवलेलं सिंहासनही त्याच संग्रहातलं, दिल्लीच्या लुटीशी त्याचा संबंध लावतात. खजिन्याचा विभाग उघडा आहे का हे तिकीट काढताना विचारून घ्या. आणि उद्या मंगळवार असेल तर सकाळी ग्रँड बझार आणि त्याला लागून वरच्या टेकडीवरची सुलेमानिये मशीद करा. स्थपती सिनानने तिचं काम १५५० मध्ये काढलं, त्याच्या आदल्या वर्षी इकडे अहमदनगरला रूमी खान नावाच्या तुर्काने निजामशाहीसाठी मुलुख मैदान तोफ ओतली होती, जी आता विजापूरच्या बुरुजावर आहे. मशिदीत जायची वेळ दहाच्या सुमाराची ठेवा, गर्दी कमी असते आणि मागच्या अंगणातून गोल्डन हॉर्न ही शहरातली खाडी पूर्ण दिसते.